डी ऑप्शनची वकील

जानेवारीतली बंगळूरची थंडी अंगावर येत नाही, बोटांत शिरते. त्या दिवशी तर रात्रभर भुरभुर पाऊस पडून गेलेला. कॉलेजच्या पायऱ्यांना ओली पानं चिकटलेली. पावणेसातला हेमलतानं फिजिक्स लॅबचं कुलूप काढलं, तळवे एकमेकांवर घासले, पदर खोचला आणि सगळ्यात आधी लेन्सांच्या कपाटात डोकावली. त्या कपाटात चार काचेच्या वाट्या असत, निळ्या खड्यांनी भरलेल्या. खडे निळे म्हणजे आतली हवा कोरडी. गुलाबी पडले म्हणजे ओल शिरली, आता लेन्सांना बुरशी धरणार. त्या दिवशी चारही वाट्या गुलाबी.

"एका रात्रीत एवढं पाणी पिलासा व्हय रे?" ती खड्यांवर करवादली. मग सगळे खडे जुन्या तव्यात ओतून तिनं हॉटप्लेटवर ठेवले. शेंगदाणे भाजावेत तसे ते हलवत राहायचे. गुलाबीचे जांभळे होतात, जांभळ्याचे निळे. निळे झाले की परत वाटीत.

हे काम काही तिच्या हुद्द्यात नव्हतं. हुद्दा अटेंडरचा. झाडायचं, पुसायचं, दारं उघडायची, बंद करायची. पण लॅब असिस्टंट गंगव्वा दोन वर्षांपूर्वी रिटायर झाल्या, त्यांच्या जागी कुणी आलंच नाही, आणि प्रयोग मांडण्यापासून तारा बदलण्यापर्यंत सगळं आपसूक हेमलताच्या हाती आलं. एकोणीस वर्षं ती या लॅबमध्ये होती. माहेर निपाणीचं. बारावी सायन्स झाली, फिजिक्सला छत्तीस मार्क पडले, आणि त्याच वर्षी प्रतापरावांशी लग्न होऊन बंगळूरला आली. प्रतापराव बोम्मसंद्र्यातल्या एका कारखान्यात लेथवर. हेमलता रोज पहाटे साडेपाचच्या बसनं होसूर रोड धरायची, कारण सात वाजता लॅबमध्ये तिची कोर्टकचेरी भरायची.

कोर्टात माणसं चार. त्यातली तीन सेकंड पीयूची, म्हणजे बारावीची पोरं. सिद्धी, जिच्या पणजोबांपासून घर इथलंच. तिच्या मराठीत कानडी असं मिसळलेलं की कुठलं कुठं संपतं तिलाही सांगता यायचं नाही. तनय, मूळ नागपूरचा. वडील बेळ्ळंदूरच्या एका आयटी कंपनीत आल्यामुळे दोन वर्षांपूर्वी इथं येऊन पडलेला. आणि अभिराज, पुण्याचा, ज्याला प्रत्येक गोष्ट नीट लागायची. तिघांनाही एप्रिलमध्ये सीईटी द्यायची होती. साडेआठला क्लास सुरू होईपर्यंत शांत जागा हवी म्हणून ते लॅबमध्ये बसू लागले.

प्रश्न सोडवायची त्यांची रीत सिद्धीनं काढलेली. प्रश्न मोठ्यानं वाचायचा. चार ऑप्शन आपसात वाटून घ्यायचे. ज्याच्या वाट्याला जो येईल त्याची त्यानं वकिली करायची, तो चुकीचा असला तरी. आणि ऑप्शन चुकीचा असेल तर वकिलानं सांगायचं, नेमकी कुठली चूक केली की हे उत्तर येतं. ते सांगता आलं नाही तर उठून फळा पुसायचा. बेत झकास होता. फक्त तिघांत चार ऑप्शन बसेनात. पहिल्या दिवशी डी बेवारस पडला.

सिद्धीनं मान वळवली. हेमलता बाकं पुसत होती.

"अक्का, स्वल्प वेळ डी व्हा ना."

"मी? मला काय येतंय त्यातलं?"

"काही यायला नाही लागत," तनय म्हणाला. "फक्त भांडायचं."

"ते येतंय की," म्हणत हेमलता फडक्यासकट स्टुलावर बसली.

प्रश्न असा होता: एका तारेचा रोध आर. ती ओढून दुप्पट लांब केली, तर नवा रोध किती? सी ऑप्शन दुप्पट, डी ऑप्शन चौपट. सीचा वकील अभिराज. त्यानं घसा खाकरून सांगितलं, "लांबी दुप्पट, म्हणून रोध दुप्पट. केस क्लोज्ड."

"आणि जाडीचं काय?" हेमलता म्हणाली.

"जाडी कुठे दिलीय प्रश्नात?"

"द्यायला कशाला पायजे? तार ओढली की नुसती लांब होतीय काय? बारीक पण होतीय. त्या सोनोमीटरची तार तुटायच्या आधी बघ की हात लावून, दोऱ्यागत होतीय. लांबीनं दुप्पट, बारीकपणानं आणि दुप्पट. झाली की चौपट."

 अभिराज उठला आणि त्यानं निमूट फळा पुसला.

तेव्हापासून डी हेमलताची. निपाणीकडच्या बायका बोलतात तशी ती 'मी आलो, मी गेलो' बोलायची. अभिराज सुरुवातीला दचकायचा, मग त्यालाही सवय झाली. पोरांच्या लवकरच लक्षात आलं की अक्का बरोबर उत्तरापेक्षा चुकीच्या उत्तराची वकिली जास्त भारी करतात. एकोणीस बॅचेसच्या चुका तिनं डोळ्यांनी बघितलेल्या होत्या. गोळीचं घनफळ काढायच्या गणितात डी ऑप्शन बरोबर उत्तराच्या आठपट निघाला, तेव्हा तिनं आकडेमोडही केली नाही.

"हे तिसऱ्या टेबलावरचं उत्तर हाय. व्यास मोजायचा आणि त्रिज्येच्या जागी तसाच घालायचा. दरवर्षी असतंयच एक."

"यंदा कोण?" सिद्धीनं विचारलं.

तनय खिडकीबाहेर बघू लागला.

"काहून सगळे माझ्याकडं पाहून राहिले?" तो शेवटी म्हणाला. "एकदाच झालं होतं ते!"

तर असं चाललेलं. आणि त्या गुलाबी खड्यांच्या सकाळी अभिराज धापा टाकत आला तो मोबाईल पुढं धरूनच. नोटीस बोर्डाचा फोटो काढून आणलेला. कॉलेज चालवणाऱ्या ट्रस्टनं लॅब असिस्टंटच्या जागा भरायच्या ठरवल्या होत्या. बारावी सायन्स झालेल्या अटेंडर लोकांना परीक्षा देता येणार, वयाची अट बेचाळीस. साठ प्रश्न, सगळे फिजिक्सचे, चार ऑप्शनांचे. बरोबरला एक मार्क, चुकीला पाव मार्क कापायचा. छत्तीस मिळाले की ज्यानं त्यानं आपल्याच कॉलेजात असिस्टंट व्हायचं. जिथं कुणी पास होणार नाही तिथं जूनपासून बाहेरचा माणूस, आणि तिथल्या अटेंडरची बदली ऑफिसात.

"ऑफिसात म्हणजे?" तनयनं विचारलं.

"फायली इकडच्या तिकडं करायच्या. मीटिंगला चहा द्यायचा," हेमलता तवा हलवत म्हणाली. "घरात चहा करून कटाळलोय मी. हितं पण तेच करू?"

तिला ऑक्टोबरमध्ये बेचाळिसावं लागलेलं. पुढच्या खेपेला अटीबाहेर. तिनं खडे वाटीत ओतले, कपाट लावलं, आणि त्या कपाटाकडं जरा वेळ बघत राहिली. जूनमध्ये पाऊस लागल्यावर हे खडे कोण भाजणार, एवढंच तिच्या मनात आलं. बाहेरचा माणूस येईल आणि गुलाबी रंग छान दिसतोय म्हणून तसेच ठेवेल.

"अर्ज आणा तो," ती म्हणाली.

त्या दिवसापासून कोर्टाचं कामकाज वाढलं. परीक्षा फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी. घरी ती भाकरी थापताना प्रतापराव समोर बसून प्रश्न वाचायचे. त्यांना स्वतःला ऑप्शन वाचताना चेव यायचा. जो बरोबर वाटेल तो ते जोरात वाचायचे. हेमलता म्हणायची, "अहो, सगळे एका सुरात वाचा की. तुमच्या आवाजावरनंच उत्तर कळालंय." प्रतापराव म्हणायचे, "मग बरोबर हाय का नाही ते सांग." ते बहुतेक वेळा चूकच असायचं.

पोरांनी पंधरा दिवसांनी तिची पूर्ण साठ प्रश्नांची चाचणी घेतली. घड्याळ लावलं, तनयनं दारात उभं राहून पहारा दिला, सिद्धीनं घंटा म्हणून बीकरवर चमचा वाजवला. अभिराजनं पेपर तपासायला घेतला, आणि तपासता तपासता त्याचं तोंड बघण्यासारखं झालं.

"अक्का, तुम्ही साठपैकी चौतीस वेळा डी टाकलाय."

"मग? पटला की डी."

"बरोबर डी फक्त पंधरा आहेत!"

मार्क आले एकोणीस. चूक कुणाचीच नव्हती, चौघांचीही होती. दोन महिने रोज सकाळी हेमलता डीची बाजू मांडत होती, आणि आता कुठलाही प्रश्न समोर आला की तिचं डोकं आधी डीकडं धावायचं, डीला कसं सोडवता येईल ते शोधायचं, आणि शोधलं की सापडायचंच. बाकीचे तीन ऑप्शन वाचून होईपर्यंत निकाल लागलेला असायचा.

"अय्यो, आपणच बिघडवलं अक्कांना," सिद्धी कपाळावर हात मारत म्हणाली.

"ठीक आहे, रोल रोटेट करू. उद्यापासून अक्का ए," अभिराज म्हणाला.

दुसऱ्या दिवशी हेमलता ए झाली. बसली, पण बदलीवर गेलेल्या माणसासारखी. तनय नवा डी. तो डीची बाजू पडेल पडेल अशी मांडायचा आणि ती तळमळायची. तिसऱ्या प्रश्नाला ती न राहवून म्हणालीच, "आरं, एवढी चांगली केस हाय आणि तू घालवालास!"

इलाज शेवटी तिचा तिनंच काढला. रात्रभर जागून नाही, घरी जाताना बसमध्ये, सिल्क बोर्ड चौकाच्या कोंडीत अडकून बसल्यावर. सकाळी येऊन तिनं पोरांना सांगितलं. "मी प्रयोग लावताना काय करतो? आधी टेबल मांडतो. मग रीडिंग घेतो. टेबल मांडायच्या आधी रीडिंग कोण घेतंय?"

"जर्नल कॉपी करणारे," तनय म्हणाला.

"व्हय, तेच सांगालोय. ऑप्शन म्हणजे रीडिंग. ते झाकायचं."

तिनं प्रश्नाखाली तळहात ठेवला. चारही ऑप्शन झाकले गेले. मग डोळे मिटले आणि ओठ हलायला लागले: इथं बॅटरी, इथं दोन बल्ब, एकामागनं एक लावलेले, एक साठ वॅटचा, एक शंभरचा. कळ दाबली. डोळे उघडून ती म्हणाली, "साठवाला जास्त पेटतोय." हात काढला. ते उत्तर बी होतं. तिनं बीवर गोल केला, डीकडं बघितलंही नाही. सिद्धीनं चमच्यानं बीकर वाजवला.

पुढच्या चाचणीला सत्तावीस. मग तेहतीस. परीक्षेच्या आदल्या शनिवारी साडेपस्तीस.

"अर्धाच कमी," अभिराज म्हणाला.

"अर्ध्यानं ऑफिसात जातंय माणूस," हेमलता म्हणाली, पण हसत.

परीक्षा ट्रस्टच्या दुसऱ्या कॉलेजात झाली. तेरा अटेंडर बसलेले. हेमलतानं तळहातानं ऑप्शन झाकून झाकून पेपर सोडवला. शेजारच्या माणसाला वाटलं ही आपल्यापासून लपवतेय, आणि तोही रागानं आपला पेपर झाकून बसला. सत्तेचाळिसाव्या प्रश्नाशी ती आली. खोलीच्या तापमानाचा पाऱ्याचा थर्मामीटर एकदम गरम पाण्यात बुडवला, तर त्यातला पारा काय करेल? हात ऑप्शनांवरच. डोळे मिटून तिनं टेबल मांडलं. बीकर, वाफ, थर्मामीटर बुडाला. पारा किंचित खाली गेला, टेकला, आणि मग सरसर वर. तिनं हात काढला. ए: जागचा हलणार नाही. बी: लगेच चढू लागेल. सी: उतरतच जाईल. डी: आधी थोडा उतरेल, मग चढेल.

डी! तिचं पेन थांबलं. परत तेच भूत तर नाही? तिनं परत हात ठेवला, परत टेबल मांडलं. पारा परत खाली गेला. मग तिनं डी काळा केला आणि पुढं सरकली.

दहा दिवसांनी बरोबर उत्तरांची यादी आणि मार्क नोटीस बोर्डावर लागले. हेमलताचे अडतीस बरोबर, बारा चूक, दहा सोडलेले. अडतिसातून तीन गेले, पस्तीस. एकानं हुकलं. खाली ओळ: कुणाला हरकत असेल तर तीन दिवसांत अर्ज करावा.

तिनं लॅबमध्ये जाऊन बाकं पुसायला घेतली. पोरं यादी घेऊन आली आणि तिच्या पेपरवरच्या खुणांशी एकेक उत्तर ताडून बघू लागली.

"सत्तेचाळीस," अभिराज म्हणाला. "त्यांनी उत्तर बी दिलंय. लगेच चढू लागेल."

"मी डी टाकलोय."

"मला पण बीच वाटतं," अभिराज चाचरत म्हणाला. "गरम केलं की पारा फुगतो. का उतरेल तो?"

"सोडा रे. माझी डीची सवय असंल," ती म्हणाली. पण फडकं हातातच राहिलं. मग ती एकदम उठली. "नाही. मी बघितलोय."

किटलीत पाणी उकळलं. बीकर भरला. तिनं रॅकमधून थर्मामीटर काढला आणि चार डोकी त्याच्यावर वाकली.

"बघा हं, पापणी हलवू नका."

थर्मामीटर बुडाला. पारा एका रेघेच्या अर्ध्यानं खाली गेला आणि लगेच उलट फिरून चढत सुटला.

"गेला बे खाली!" तनय ओरडला. "गेला ना खाली!"

"आधी काच तापतीय," हेमलता म्हणाली. "पाणी काचेला लागलंय, पाऱ्याला कुठं लागलंय? काच फुगली, आत जागा वाढली, म्हणून पारा खाली बसला. मग ऊब आत पोचली की चढतोय तो."

अभिराजनं मोबाईलवर स्लो मोशनमध्ये व्हिडिओ घेतला. तिघं एकदम म्हणाले, "अक्का, हरकत घ्या."

इथं हेमलताचा चेहरा उतरला. "पेपर कुणी काढलाय माहीत हाय काय? अरविंद सरांनी."

अरविंद सर म्हणजे फिजिक्सचे हेड. तीस वर्षं शिकवत होते. हेमलताला पहिल्या वर्षी व्होल्टमीटर आणि अॅमीटर यातला फरक त्यांनीच समजावून दिलेला, आणि एकदाही आवाज चढवलेला नव्हता. त्या माणसाला जाऊन सांगायचं, सर तुमचं चुकलं?

"अक्का," सिद्धी म्हणाली, "रोज फुकटात डीची वकिली करता. आता खरी केस आलीय तर पळता?"

"पळतोय कुठं? पण तोंडानं कसं सांगू सरांना?"

"तोंडानं नका सांगू," अभिराज म्हणाला. "टेबल मांडा."

तिनं अर्ज दिला. त्यावर एकच वाक्य लिहिलं: सत्तेचाळीस नंबरचा प्रयोग समोर करून दाखवायची परवानगी मिळावी. व्हिडिओ तिनं जोडू दिला नाही. "मोबाईलमध्ये काय पण करता येतंय म्हणतील."

तिसऱ्या दिवशी दुपारी प्रिन्सिपल मॅडम आणि अरविंद सर लॅबमध्ये आले. पोरं मागच्या बाकावर, हाताची घडी घालून. सर मराठीतच म्हणाले, "हेमलता, प्रश्न सरळ आहे हो. उष्णतेनं द्रव प्रसरण पावतो. पण दाखवा, दाखवा काय ते."

हेमलतानं थर्मामीटर बुडवला. मॅडमनी चष्मा वर केला, खाली केला, पुढं वाकल्या. कानडीत म्हणाल्या, "मला काही दिसलं नाही."

सर म्हणाले, "किंचित हललं असेल. हात हलला असेल."

 पण हेमलतानं दुसरं टेबलही मांडून ठेवलेलं होतं, फडक्याखाली झाकून. फडकं काढलं. गोल चंबू, काठोकाठ पाण्यानं भरलेला, पाण्यात लाल शाई. तोंडाला बूच, बुचातून वर आलेली वीतभर बारीक काचेची नळी, नळीत लाल रेघ उभी. जिथवर रेघ होती तिथं बाहेरून तिनं केस बांधायचा रबर गुंडाळलेला.

"सर, ह्यो मोठा थर्मामीटर समजा. रबराकडं बघा."

तिनं चंबू गरम पाण्याच्या घमेल्यात उतरवला. लाल रेघ रबराखाली बोटभर सरकली.

"इळीतु!" मॅडम जवळजवळ ओरडल्याच. उतरलं म्हणून.

रेघ क्षणभर थांबली, मग फिरली, वर चढली, रबर ओलांडून पुढं गेली. मागच्या बाकावर कुणीतरी बाकाला लाथ मारली, तनयच असणार.

 सरांनी स्वतः रॅकमधून एक गार थर्मामीटर घेतला, चष्मा कपाळावर सारला आणि तो डोळ्याशी धरून आपल्या हातानं बीकरमध्ये बुडवला. बाहेर काढला, पुसला, गार होईपर्यंत थांबले, परत बुडवला. तिसऱ्या वेळी ते हसायलाच लागले.

"मॅडम, तीस वर्षं मी हा प्रयोग शिकवतोय. आणि हे आज पहिल्यांदा बघतोय. का माहितेय? मी वर्गात यायच्या आधीच हेमलता थर्मामीटर पाण्यात बुडवून, मांडून तयार ठेवते. तिच्या आधी गंगव्वा ठेवायच्या. माझ्या हातात आला तेव्हा पारा नेहमी चढतच होता!"

हेमलता कावरीबावरी झाली. "गंगव्वानं शिकवलेलं सर. म्हणाल्या, सरांचा वेळ जायला नको."

"वेळ वाचवलात खरा," सर म्हणाले. "पाऱ्याची अब्रू मात्र घालवलीत माझ्याकडून." मग मॅडमकडं वळून त्यांनी कानडीत सांगितलं, "उत्तर डी. ज्यांनी ज्यांनी डी टाकलाय त्या सगळ्यांना मार्क द्यायचे."

अभिराजनं मागं बसून हिशेब केलाच होता. एकोणचाळीस बरोबर, अकरा चूक. पावणेतीन गेले. सव्वाछत्तीस. त्यानं ते बोटांनी हवेत लिहून हेमलताला दाखवलं. तिला उलटं दिसलं, पण कळलं.

सर दारातून परत फिरले. "आणखी कुठल्या प्रश्नाला हरकत आहे का वकीलबाई?"

"नाही ओ सर," हेमलता म्हणाली. "बाकीचे अकरा मीच चुकलोय."

ऑर्डर मे महिन्यात आली. प्रतापरावांनी ती मोठ्यानं वाचली, या खेपेला सगळी एका सुरात. पोरांची सीईटी होऊन गेलेली. सिद्धी आणि अभिराज इंजिनीअरिंगला जाणार होते. तनय म्हणत होता निकाल लागेपर्यंत मला काही विचारू नका.

जूनच्या पहिल्या सोमवारी बंगळूरवर सकाळपासून ढग उतरलेले. हेमलता लॅब असिस्टंट म्हणून पहिल्यांदा लॅबमध्ये आली. तिच्या बढतीनं अटेंडरची जागा रिकामी पडली होती, आणि ती कधी भरणार ते ऑफिसात कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून असिस्टंटबाईंनी पदर खोचला, आधी झाडून घेतलं, मग बाकं पुसली. साडेआठला फर्स्ट पीयूची नवी बॅच येणार, पहिलाच प्रयोग उष्णतेचा. तिनं आठ टेबलांवर आठ बीकर मांडले, सवयीनं थर्मामीटर बुडवायला हात पुढं केला आणि मागं घेतला. आठही थर्मामीटर तिनं कोरडेच बीकरशेजारी ठेवले.

मोबाईल वाजला. तनयचा आवाज रेकॉर्ड करून आलेला: "अक्का, डी काय म्हणतो?"

"म्हणतोय, तुझा निकाल कधी हाय?" तिनं उलट पाठवलं आणि मोबाईल खिडकीत ठेवला.

मग तिनं लेन्सांचं कपाट उघडलं. चारही वाट्या गुलाबी. तिनं जुना तवा काढला, खडे ओतले, हॉटप्लेटची कळ दाबली आणि चमच्यानं हलवत उभी राहिली.